भीती परदेशाची, तयारी शेजारची

अमेरिकेला निघालेल्या माणसाला निरोप द्यायला लोक घरी येतात. नेपाळला निघालेल्या माणसाला अडवायला येतात.

मुलगा शिकागोला निघाला की आत्या त्याच्या बॅगेत मेतकूट कोंबते, 'कानाला मफलर बांध' एवढं सांगते आणि तिच्यापुरती अमेरिका संपते. तिथल्या मॉलमधल्या नि शाळांमधल्या गोळीबाराच्या बातम्या आत्याही वाचते. पण 'आपला मुलगा चांगल्या एरियात राहतो' या एका वाक्यावर ती अख्खा देश माफ करते. तीच आत्या, कुणी 'पशुपतिनाथ-मुक्तिनाथ करून यावं म्हणतोय' असं म्हणाला की टीव्हीचा आवाज कमी करते. "नेपाळ? आत्ता? तिथं काय चाललंय ते वाचत नाहीस का रे?" काय चाललंय हे आत्यालाही ठाऊक नसतं. पण काहीतरी चाललेलं असणार, याबद्दल तिला शंका नसते. लांबच्या देशाबद्दल आपल्याला माहिती असते. शेजारच्या देशाबद्दल मत असतं.

तसे आपल्याला शेजारी भरपूर, पण सहलीच्या कामाचे थोडे. पाकिस्तानचा विषय आत्यापर्यंत पोहोचतच नाही. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये सरकारनं अटारीचं फाटकच बंद केलं, त्यामुळे आत्याची काळजी करायची संधी हुकली. बांगलादेशाला व्हिसा लागतो, आणि तो काढून तिथं नेमकं काय बघायचं हे सहल कंपन्यांनी अजून मनावर घेतलेलं नाही. भूतानमध्ये भारतीय माणसाकडूनही मुक्कामाच्या दर रात्रीचे १,२०० रुपये शुल्क घेतात. तिथं सगळी काळजी पैशाचीच होते, जिवाच्या काळजीला जागा उरत नाही. राहता राहिला नेपाळ. व्हिसा नाही, पासपोर्टची सक्ती नाही, सुमारे १,७५० किलोमीटरची खुली सीमा आणि पलीकडे आपलेच देव. त्यामुळे पुष्कळ मराठी माणसांचा पहिला परदेश नेपाळच असतो आणि जिवाची पहिली काळजीही तिथलीच.

बेत जाहीर झाला की घरात सुरक्षा परिषद बसते. तिच्यातले सगळे सदस्य कायमचे असतात आणि प्रत्येकाला नकाराधिकार असतो. प्रत्येकाचं घड्याळ मात्र एकेका तारखेला बंद पडलेलं असतं.

थोरले काका २४ डिसेंबर १९९९ ला थांबलेले आहेत. त्या दिवशी काठमांडूहून दिल्लीला निघालेलं आयसी ८१४ अमृतसर, लाहोर, दुबई करत कंदाहारला पोहोचलं. काठमांडूहून सुटणारं प्रत्येक विमान आजही त्याच मार्गानं जातं, असा काकांचा समज आहे. तिथल्या तपासण्या त्यानंतर वाढल्या, हे त्यांना सांगून उपयोग नसतो. "तपासणी वाढवली म्हणजे धोका आहे म्हणूनच ना?" असं ते विचारतात, आणि या तर्काला जगात उत्तर नाही.

काकू १ जून २००१ मध्ये आहेत. त्या रात्री नारायणहिटी राजवाड्यात राजा वीरेंद्र, राणी ऐश्वर्या आणि राजघराण्यातले आणखी कितीतरी जण जेवणाच्या बैठकीत मारले गेले. चौकशी समितीनं युवराजालाच जबाबदार धरलं. काकूंचं म्हणणं, "जिथं राजा स्वतःच्या घरात सुरक्षित नाही, तिथं तुम्ही लॉजवर काय राहता!" वास्तविक त्या प्रकारातून निघणारा बोध नेपाळला न जाण्याचा नसून सहकुटुंब जेवायला न बसण्याचा आहे. पण तो काकूंच्या पंक्तीत बसून बोलून दाखवण्यासारखा नाही.

मावसभाऊ २५ एप्रिल २०१५ ला अडकलाय. ७.८ तीव्रतेचा भूकंप, सुमारे नऊ हजार माणसं गेली. "पुन्हा झाला तर?" हा त्याचा प्रश्न. पुन्हा होईल हे खरंच; हिमालय अजून सरकतोच आहे. पण ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत हजारो माणसं ढिगाऱ्याखाली गेली, म्हणून लातूरला लग्नाला जायचं या भावानं कधी टाळल्याचं ऐकिवात नाही. तिथं त्याला फक्त आहेर काय करायचा याची चिंता असते.

भाची सगळ्यांत ताजी. ती ८ आणि ९ सप्टेंबर २०२५ मध्ये राहते, आणि तिनं सगळं मोबाइलवर पाहिलेलं आहे. सरकारनं समाजमाध्यमांवर बंदी घातली, पोरं रस्त्यावर उतरली, गोळीबार झाला, सत्तरहून अधिक जीव गेले, संसद आणि सिंहदरबार हे सचिवालय जळाले, विमानतळ बंद पडला, पंतप्रधान ओली पायउतार झाले. १२ सप्टेंबरला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या. त्यांच्या नावाचा खल आंदोलक मुलांनी डिस्कॉर्ड नावाच्या ॲपवर केला होता. भाचीला त्या देशाची भीती आणि कौतुक एकदमच वाटतं. आमच्या सोसायटीत सेक्रेटरी ठरायला याहून जास्त वेळ लागतो.

आता या तारखा काही खोट्या नाहीत. त्या त्या दिवशी तिथं असणं वाईटच होतं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं प्रवास पुढे ढकला असं सांगितलं, तेव्हा तो पुढे ढकलणं हेच शहाणपण होतं. पण परिषद काय करते, तर पाव शतकातल्या चार तारखा एकत्र शिवून एक देश तयार करते. त्या देशात सकाळी विमान पळवलं जातं, दुपारी भूकंप होतो, संध्याकाळी संसद जळते आणि रात्री जेवताना गोळीबार होतो. असल्या देशात कुणी जावं का? मुळीच जाऊ नये. पण असा देश नकाशावर नाही. हीच पद्धत मुंबईला लावली तर ठाण्याचा माणूस दादरला उतरणार नाही.

पुढे विरोध मावळतो. तो मावळतोच, कारण सहलीचे पैसे आगाऊ भरलेले असतात आणि ते परत मिळत नाहीत. आणि इथं खरा चमत्कार घडतो. कालपर्यंत जो भयानक परदेश होता, तो तयारीला बसल्याबरोबर एकदम पलीकडची आळी होतो. "प्रवास विमा काढलास का?" "छे, नेपाळच तर आहे!" "डॉक्टरांना विचारलंस का, वर चढायचंय?" "देवदर्शन आहे हो, ट्रेक नाही." "तिथलं सिमकार्ड?" "शेजारीच आहे, लागतंय आपलं नेटवर्क." "आपली वकिलात कुठं आहे?" या प्रश्नावर तर लोक चमकून बघतात. ती काठमांडूत लैनचौरला आहे, पण तिचा पत्ता लिहून घेणं हा अपशकुन समजला जातो. अमेरिकेला जाताना विम्याच्या पॉलिसीतली बारीक अक्षरं भिंग लावून वाचणारा माणूस नेपाळला निघताना फक्त औषधांच्या डब्यात एक क्रोसिन आणि ओव्याची पुडी टाकतो. घाबरायचं परदेशाला आणि निघायचं मात्र शेजारी, असा हा व्यवहार आहे.

मग सुरक्षिततेची तयारी करतच नाहीत का? करतात, जय्यत करतात. पण ती सगळी चोराविरुद्ध. बनियनला चोरखिसा शिवला जातो. सोन्याचं मंगळसूत्र लॉकरमध्ये जातं आणि प्रवासातलं मंगळसूत्र बाहेर येतं. बॅगांना साखळ्या नि कुलुपं लागतात, आणि किल्ल्या 'सुरक्षित जागी' ठेवल्या जातात. ही जागा परत येईपर्यंत कुणालाही सापडत नाही. पैसे घरातल्या प्रत्येकात वाटून ठेवतात, म्हणजे एकाचे गेले तरी दुसऱ्याचे राहतील. नंतर हिशेब लागत नाही तेव्हा चोराची गरजच पडत नाही. आपापसातच संशय पुरतो.

यात भर म्हणजे नोटांचा प्रश्न. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळनं शंभराहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली. तेव्हापासून नेपाळला जायचं म्हणजे शंभराच्या नोटांची पुडकी न्यायची, ही रीतच पडली. नियम पुढं हलले तरी अनुभवी माणसाचा सल्ला हलत नाही. आता चाळीस हजार रुपये शंभरा-शंभराच्या नोटांत बनियनच्या चोरखिशात घातले की माणसाच्या पोटावर जो उंचवटा येतो, तो लांबून ओळखू येतो. चोराला खिसा शोधण्याचे कष्टच राहत नाहीत. तिकडं आता दुकानादुकानांतून क्यूआर कोडवर आपलं यूपीआय चालू लागलंय, ही गोष्ट कुणीतरी सांगतं. पण चोरखिसा शिवून झालेला असतो आणि शिंप्याला पैसे दिलेले असतात.

कागदपत्रांची गंमत निराळीच. मराठी माणसाचा आधार कार्डावर जेवढा विश्वास आहे तेवढा कुलदैवतावरही नसेल. पण नेपाळला जाणाऱ्या १५ ते ६५ वयाच्या भारतीयाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. त्याहून लहान नि मोठ्यांना मात्र आधार चालतं. म्हणजे ज्यांच्या प्रकृतीची काळजी म्हणून न्यावं की नाही यावर परिषदेत तासभर वाद झाला, ते सत्तरीचे आजोबा आधारवर सहज जाऊ शकतात. आणि ज्याच्या भरवशावर त्यांना पाठवायचं, तो चाळिशीचा मुलगा एकटाच फक्त आधार घेऊन विमानतळावर गेला, तर घरी परत येतो.

एवढ्या सगळ्या तयारीनं माणूस रेल्वेनं गोरखपूरला आणि तिथून सुनौलीच्या सीमेवर पोहोचतो, आणि तिथं त्याचा घोर अपमान होतो. कुणी त्याला काही विचारतच नाही. एक कमान, तिच्याखालून चाललेल्या सायकलरिक्षा, मालट्रकांची रांग, डोक्यावर गाठोडं घेतलेली माणसं, भाजी आणायला तिकडून इकडं आणि साखर न्यायला इकडून तिकडं करणाऱ्या बायका. आपल्या बाजूला सशस्त्र सीमा बलाचे जवान उभे असतात. वाटलं तर बॅग उघडायला सांगतात, एरवी हातानंच 'चला' म्हणतात. मूळ प्रती, तीन-तीन झेरॉक्स, पासपोर्ट आकाराचे फोटो, सगळं प्लास्टिकच्या फायलीत लावून आणलेला माणूस कमानीखाली थांबतो, फाइल पुढं करतो, पण ती बघायला कुणाला सवड नसते. "अहो, आम्ही परदेशात चाललोय!" असं ओरडून सांगावंसं त्याला वाटतं. मागचा सायकलरिक्षावाला घंटी वाजवून त्याला परदेशात ढकलतो.

कमानीपलीकडं घड्याळ पंधरा मिनिटं पुढं जातं आणि कॅलेंडर सुमारे सत्तावन्न वर्षं, कारण तिथं विक्रम संवत चालतो. बसच्या तिकिटावर तिथलं साल बघून एखादे काका दचकतात. पैशाचं मात्र सोपं आहे: आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ. आपल्या रुपयाला 'आयसी' आणि त्यांच्या रुपयाला 'एनसी' म्हणायचं, एवढं दुसऱ्या चहापर्यंत येतं. मग जो माणूस लुटले जाऊ या भीतीनं रात्रभर जागा होता, तो पाच रुपये कमी करण्यासाठी रुद्राक्षाच्या दुकानात पाऊण तास घालतो, आणि चोरखिशातून नोटा काढण्यासाठी भर बाजारात शर्टाची बटणं सोडतो.

एवढ्यात घरी हाहाकार उडालेला असतो. 'पोहोचलो' हा मेसेज आलेला नसतो. कमान ओलांडली आणि शेजारीच आहे म्हणून गृहीत धरलेलं नेटवर्क अलीकडंच राहिलं. परिषदेची तातडीची बैठक भरते. काका कंदाहारचं नाव घेतात. भाची बातम्या चाळते. आत्या देव पाण्यात ठेवते. आणि ज्याच्यासाठी हे चाललंय, तो भैरहवाच्या बसस्टँडवर तिसरी प्लेट मोमो मागवून 'चटणी जरा जास्त द्या दाजू' म्हणत असतो.

आता त्या विषयाकडं येतो, जो परिषदेच्या एकाही बैठकीत निघाला नाही. तो म्हणजे रस्ता.

सीमेवरून काठमांडूला रात्रीची बस मिळते. रात्रीची बस म्हणजे मराठी माणसाचा जीव की प्राण. झोप होते, दिवस वाचतो आणि एका रात्रीचं लॉजचं भाडं वाचतं. पुणे-नागपूर, मुंबई-कोल्हापूर सगळीकडं आपण हेच करत आलो. फरक एवढाच की नारायणगढ सोडल्यावर हा रस्ता त्रिशूली नदीच्या कड्याकडेनं जातो. एका अंगाला डोंगर, तोही पावसाळ्यात सुटा झालेला, आणि दुसऱ्या अंगाला खाली नदी. ज्या खिडकीच्या जागेसाठी सुनौलीला भांडण झालेलं असतं, ती उजाडल्यावर आग्रह करकरून मेहुण्याला दिली जाते. वळणावर ओव्हरटेक करून जाणाऱ्या ट्रकच्या मागं 'फेरि भेटौँला' असं लिहिलेलं दिसतं, म्हणजे 'पुन्हा भेटू'. पुढच्याच वळणावर, आणि समोरासमोर.

इथं मात्र विनोद थांबवला पाहिजे. १२ जुलै २०२४ च्या पहाटे, अंधारातच, चितवनमधल्या सिमलतालजवळ दरड कोसळली आणि दोन बस त्रिशूलीत गेल्या; त्यांत साठहून अधिक माणसं होती. त्यानंतर सहा आठवड्यांनी, २३ ऑगस्टला, पोखऱ्याहून काठमांडूला निघालेली यात्रेकरूंची एक बस तनहूं जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. ही माणसं जळगाव जिल्ह्यातली, वरणगाव-भुसावळ भागातली. २७ जण गेले. वायुदलाच्या विमानानं त्यांना गावाकडं आणावं लागलं. त्यांना ना अपहरणानं गाठलं, ना भूकंपानं, ना आंदोलनानं. डोंगरातल्या रस्त्यानं गाठलं. आपल्या घरात ज्याचं नावही कुणी घेतलं नव्हतं, त्यानं.

रस्त्याची भीती आपल्याला का वाटत नाही? कारण तिथं आपण घरचेच आहोत. २०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली पंधरा हजारांहून अधिक महाराष्ट्रात. मुंबईच्या लोकलच्या रुळांवर दर वर्षी दोन हजारांवर माणसं जातात. ही रोजची बातमी असल्यामुळे ती भीतीच्या खात्यात जमा होत नाही, रहदारीच्या खात्यात जाते. पुण्यात हेल्मेटसक्ती झाली तेव्हा तिच्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. डोकं आमचं, ते फोडून घ्यायचं की नाही हे सरकार कोण ठरवणार, असा तो स्वाभिमानी सवाल होता. त्याच उघड्या डोक्यानं कर्वे रस्त्यावरून चुकीच्या बाजूनं येणारा गृहस्थ कोपऱ्यावर गाडी थांबवून विचारतो, "नेपाळ सेफ आहे का हो सध्या?" काठमांडूत मोटारसायकल चालवणारा हेल्मेटशिवाय क्वचितच दिसतो. त्यानं पुण्याबद्दल काय विचारावं?

विमानाचंही तेच. काठमांडूहून दिल्लीला येणाऱ्या मोठ्या विमानात काका जीव मुठीत धरून बसतात, कारण कंदाहार. पण सकाळी सकाळी लहान विमानातून एव्हरेस्ट दाखवून आणतात म्हटल्यावर तेच काका सगळ्यांच्या आधी कपडे करून हॉटेलच्या लॉबीत उभे. १५ जानेवारी २०२३ ला पोखऱ्याजवळ यती एअरलाइन्सचं विमान पडलं, आतले सगळे ७२ जण गेले. युरोपीय महासंघानं तर डिसेंबर २०१३ मध्येच नेपाळच्या साऱ्या विमान कंपन्यांना आपल्या आकाशात मज्जाव केला होता. एव्हरेस्टच्या वाटेवरच्या लुक्ल्याची धावपट्टी अवघी ५२७ मीटरची, तीही उताराची. एका टोकाला डोंगर आणि दुसऱ्या टोकाला दरी. तिथं वैमानिक ढग बघून 'आज उड्डाण नाही' म्हणाला तर त्याचे आभार मानायचे असतात. आपले लोक काउंटरवर जाऊन पुढचं हॉटेल बुक असल्याच्या पावत्या दाखवतात, ढगाला त्या दिसाव्यात अशा बेतानं.

आणि मुक्तिनाथ. ते साडेतीन हजार मीटरहून उंचावर आहे. कळसूबाई १,६४६ मीटर; दोन कळसूबाया एकमेकींवर ठेवल्या तरी मुक्तिनाथाच्या पायरीशी पोहोचत नाहीत. जीपगाडी आठशे-नऊशे मीटरवरच्या पोखऱ्यातून तिथवर नेऊन सोडते, त्यामुळे शरीराला आपण कुठं आलो हे कळायच्या आत आत्मा दर्शनाच्या रांगेत उभा असतो. डोकं दुखतं, मळमळतं, धाप लागते; ही उंची लागल्याची लक्षणं. घरातला जाणकार 'पित्त झालंय' असं निदान करून आलेपाक देतो. त्यानंतर सत्तरीतले आजोबा त्या हिमालयातल्या पाण्याच्या १०८ धारांखालून एकेक करून जातात, कारण निम्म्या धारा घेतल्या तर निम्मंच पुण्य. आजोबांचं नेपाळला जाणं सुरक्षित आहे का यावर घरात तासभर चर्चा झाली होती. या १०८ धारांबद्दल कुणी अवाक्षर काढलेलं नव्हतं.

माकडांचंही राहिलंच. पशुपतिनाथ आणि स्वयंभूनाथ दोन्हीकडं त्यांचं राज्य आहे. चोरांच्या भीतीनं पर्स छातीशी धरलेली वहिनी माकडाला मात्र स्वतःच्या हातानं केळं भरवते. माकड चावलं तर रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागतात, आणि त्या दिवसापासून सहलीचा कार्यक्रम माकडानं आखून दिलेला असतो.

आता हीच गोष्ट पलीकडून बघा. रत्नागिरी-देवगडच्या हापूसच्या बागा राखायला नेपाळी माणसं येतात. कोकणातल्या मासेमारी बोटींवर नेपाळी खलाशी आहेत. मुंबई-पुण्यात किती सोसायट्यांच्या फाटकावर रात्री नेपाळी माणूस बसलेला असतो, त्याची गणती नाही. म्हणजे सुरक्षा परिषद ज्या इमारतीत बसून 'तो देश काही सुरक्षित नाही' असा ठराव करते, त्या इमारतीची सुरक्षा त्याच देशाच्या माणसाकडं असते. कार्यक्रम संपवून मध्यरात्री घरी येणाऱ्या काकांना लिफ्टपर्यंत बॅटरी दाखवत तोच सोडतो. त्याच्याही गावी एक काका असणार, एक आत्या असणार. 'मुंबई? तिथं गाडीला लटकून जातात म्हणे, पावसात शहर बुडतं म्हणे, बाँबस्फोट होतात म्हणे' असं म्हणत तीही त्याला अडवायला आलेली असणार. तिची माहिती आपल्या आत्याच्या माहितीइतकीच खरी आहे आणि तिची काळजीही तितकीच प्रामाणिक. तो मात्र आला, कारण त्याला पोट होतं आणि त्यानं कुणाला विचारलं नाही.

परिषदेला नावं ठेवून चालणार नाही. तिच्यामागं माया आहे. पण मायेला आकडे कळत नाहीत. तिला फक्त बातम्या कळतात, आणि बातमी होते ती क्वचित घडणाऱ्या गोष्टीची. जे रोज घडतं, त्याची बातमी होत नाही आणि म्हणून त्याची भीतीही उरत नाही. शिवाय दुर्मीळ संकटात आपल्याला काही करायचं नसतं, नुसतं घाबरलं की भागतं. रोजच्या संकटात काहीतरी करावं लागतं: पट्टा लावावा लागतो, रात्रीची बस सोडावी लागते, चढताना एक मुक्काम वाढवावा लागतो, विम्याला पैसे भरावे लागतात. घाबरणं फुकट आहे, सावध राहायला खर्च येतो. आपण काय निवडतो ते सांगायला नको.

तेव्हा जाणाऱ्यांना एवढंच सांगणं. नेपाळला जरूर जा. पावसाळा टाळा. डोंगरातला प्रवास दिवसा करा, लॉजचं एका रात्रीचं भाडं जाऊ द्या. मुक्तिनाथाला जाताना वाटेत जोमसोमला किंवा अलीकडं एक रात्र थांबा, आणि आजोबांना १०८ धारांऐवजी एकीवर राजी करा. पोहोचल्या पोहोचल्या तिथलं सिमकार्ड घ्या. विमा काढा, वकिलातीचा नंबर लिहून ठेवा, परराष्ट्र मंत्रालय 'आत्ता जाऊ नका' म्हणालं तर जाऊ नका. चालकानं डुलकी घेतलेली दिसली की गाडी थांबवायला सांगा, मग सहप्रवासी कितीही वैतागले तरी चालेल. एवढं केलंत की काका, काकू, मावसभाऊ आणि भाची यांचं काही ऐकलं नाहीत तरी बिघडत नाही. आत्याचं मात्र ऐका. मफलर तिथं खरंच लागतो.